देशासाठी प्रार्थना आणि दारातली करुणा: ऱ्हासाच्या काळात मंडळीने नेमके काय करावे

देशाची नीतिमत्ता ढासळते आहे, लोक देवापासून दूर चालले आहेत, ही खंत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सतत ऐकू येते. खंत खरी आहे. पण तिची प्रार्थना कशी करायची, आणि त्या प्रार्थनेतून कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोचणारे काम कसे उभे करायचे, हे सहसा कुणी बसून सांगत नाही. पुढची सगळी मांडणी आठ ते बारा जणांचा गट, आठवड्यातून एक संध्याकाळ आणि चार महिने एवढ्यावर बेतलेली आहे. चार महिने का, तर बायबलमधल्या नहेम्याने, जो पर्शियाच्या राजाच्या दरबारात होता, यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी किसलेव महिन्यात (साधारण नोव्हेंबर-डिसेंबर) ऐकली आणि राजापुढे तोंड उघडले ते नीसान महिन्यात (मार्च-एप्रिल). मधला सगळा काळ रडण्यात, उपासात आणि प्रार्थनेत गेला. एवढा वेळ आपणही द्यावा.

सुरुवात कुणापासून

देशासाठी प्रार्थना म्हटली की २ इतिहास ७:१४ हे वचन वाचले जाते. ते सावकाश वाचा. नम्र होणे, प्रार्थना करणे, देवाचे मुख शोधणे आणि दुष्ट मार्ग सोडणे या चारही गोष्टी देवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी करायच्या आहेत. सरकारने, शेजाऱ्यांनी किंवा दुसऱ्या धर्माच्या लोकांनी असे तिथे कुठेच नाही. शिवाय हे वचन शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणानंतर इस्राएलाला दिलेले आहे. भारताच्या नकाशावर ते जसेच्या तसे बसवता येत नाही. आज त्याचा रोख आहे ख्रिस्ताच्या मंडळीकडे, मग ती मिरजेची असो, जालन्याची असो की वसईची.

हे एवढे स्पष्ट सांगण्याचे कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक देशात २.३ टक्के आणि महाराष्ट्रात एक टक्क्याच्या आसपास आहेत. इतक्या थोड्या लोकांनी ‘देशाचा ऱ्हास’ हा शब्द उच्चारला की तो नकळत बाकीच्या सगळ्यांवर बोट दाखवू लागतो. मग प्रार्थनेचे आरोपपत्र होते आणि ज्यांच्यासाठी रडायचे त्यांच्याबद्दल मनात कडवटपणा साठतो. येशू यरुशलेम पाहून रडला (लूक १९:४१), आणि ते शहर त्याला ठार मारणार होते. ज्या गटाला आपल्या शहरासाठी असे रडता येत नसेल, त्याने देशासाठीची जाहीर सभा अजून घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: दोन रकान्यांची यादी

पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाने घरी एक कागद घ्यावा आणि मधोमध रेघ मारावी. डावीकडे आपल्या मंडळीतला आणि घरांतला ऱ्हास, उजवीकडे गावातला किंवा शहरातला. डावा रकाना आधी भरायचा आणि तो उजव्यापेक्षा आखूड असता कामा नये.

डाव्या रकान्यात काय येते ते उघड लिहिले पाहिजे. मंडळीच्या जमिनीवरून वर्षानुवर्षे चाललेले कोर्टाचे खटले. कमिटीच्या निवडणुकीत उभी राहणारी पॅनेले आणि मतांसाठी दिलेली जेवणे. ‘हौस म्हणून दिले’ या नावाखाली घेतलेला हुंडा. लग्न जुळवताना हळूच विचारलेला ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी तो सुटलेला नाही. धुणेभांडी करणाऱ्या बाईचे खाड्याचे कापलेले पैसे. सुनेला मारहाण होते हे ठाऊक असून सगळ्यांनी बाळगलेले मौन.

उजवा रकाना भरताना यहेज्केल १६:४९ जवळ ठेवा. सदोमाचे पाप म्हणून तिथे गर्व, पोटभर अन्न, निश्चिंत आराम आणि गरिबाला हात न देणे यांची नोंद आहे. आपल्या याद्यांमध्ये सिनेमा, कपडे आणि तरुणांचे मोबाइल यांची गर्दी असते. भुकेल्याकडे पाठ फिरवणे मात्र त्यात सापडत नाही. ते आधी लिहा.

गट, जागा आणि वही

बारापेक्षा जास्त माणसे झाली की चारच जण प्रार्थना करतात आणि बाकीचे ऐकतात. मग सरळ दोन गट करावेत. गटात निदान तीन स्त्रिया आणि दोन तरुण हवेत. भगिनी मंडळाची प्रार्थना एकीकडे, तरुण संघाची दुसरीकडे आणि वडीलजनांची तिसरीकडे ही आपली जुनी सवय इथे उपयोगाची नाही, कारण घरातले दुःख आधी कळते ते बायकांना. पाळकसाहेबांना पहिल्याच दिवशी विश्वासात घ्या. गट चालवण्याची जबाबदारी मात्र दोन साध्या सभासदांकडे द्या, म्हणजे पाळकांची बदली झाली तरी काम थांबत नाही.

मंदिरापेक्षा घर बरे. बाके नसतात, माइक नसतो, त्यामुळे आवाज आपोआप खाली येतो. शेजाऱ्यांना त्रास होईल एवढ्या मोठ्याने प्रार्थना करू नये. भिंतीपलीकडे कुणाचे मूल अभ्यास करत असेल, कुणी आजारी असेल. करुणा तिथूनच सुरू होते.

दोनशे पानी एक वही घ्या. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, कुणासाठी, नेमकी मागणी, आणि ‘आपण काय करणार’. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती मागणी पुढच्या आठवड्यात पुन्हा वाचायची आणि तिथे काहीतरी लिहायचेच, अगदी ‘शनिवारी भेटायला जाणे, दोघे’ एवढे का होईना. भाऊबहिणीला अन्नवस्त्र नसताना ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावण्याबद्दल याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे आहे, ते हा रकाना आपल्याला विसरू देत नाही. वहीत आजाराचे तपशील, घरगुती भांडणे, कर्जाचे आकडे लिहू नका, आद्याक्षरे पुरतात. वही एकाच घरी, कपाटात. तिचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत.

नव्वद मिनिटे

बैठक नव्वद मिनिटांची ठेवा आणि वेळेवर संपवा. उशिरा संपणाऱ्या प्रार्थनेला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाळीला जाणारा माणूस परत येत नाही.

पहिली दहा मिनिटे शांतता. कुणी बोलायचे नाही, गाणेही नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही दहा मिनिटे फार जड जातात. खोकले सुरू होतात, कुणीतरी हळूच गीत धरते. धरू देऊ नका. नंतरची पंधरा मिनिटे वचन: एकच उतारा, दोन वेगवेगळ्या आवाजांत दोनदा वाचलेला, त्यावर प्रवचन नाही. मग वीस मिनिटे पापांगिकार (पापाची कबुली), पंचवीस मिनिटे मध्यस्थी (दुसऱ्यांसाठी प्रार्थना), पंधरा मिनिटे वहीचा चौथा रकाना, आणि शेवटची पाच मिनिटे प्रभूची प्रार्थना व आशीर्वाद. चहा नंतर, आणि तो साधा. यजमानीण पोह्यांच्या तयारीत अडकली तर तिची प्रार्थना बुडते.

वाचनासाठी क्रम हवा असेल तर हा चांगला चालतो: नहेम्या १, दानीएल ९, योएल २:१२-१७, यशया ५८, स्तोत्र ५१, विलापगीत ३, यिर्मया २९:४-७, योना ४, नहेम्या ५, मत्तय ९:३५-३८, लूक १०:२५-३७. अकरा आठवडे होतात. उरलेल्या आठवड्यांत दानीएल ९, यशया ५८ आणि नहेम्या ५ पुन्हा घ्या. दुसऱ्या वाचनात हे तिन्ही अध्याय पहिल्यापेक्षा जास्त बोचतात.

पापांगिकार: सगळ्यात अवघड वीस मिनिटे

दानीएलाच्या पुस्तकात दानीएलाचे एकही पाप नोंदलेले नाही. तरी नवव्या अध्यायात तो ‘त्यांनी पाप केले’ म्हणून स्वतः बाजूला होत नाही. ‘आम्ही’ म्हणतो, आणि पुन्हा पुन्हा म्हणतो. त्याच्या प्रार्थनेचा क्रम गटाला शिकवता येतो. आधी देव कसा आहे हे (वचन ४). मग आम्ही काय केले (५-६). त्यात राजे, सरदार, वाडवडील आणि देशातले सगळे लोक अशी नावे घेतली आहेत. कुणी सुटलेले नाही. मग लाज आमची आणि न्याय्यता तुझी (७-१४). मग देवाने पूर्वी मिसरातून कसे सोडवले त्याची आठवण (१५). आणि शेवटी विनंती, तीही आमच्या नीतिमत्त्वावर नव्हे, तुझ्या मोठ्या दयेवर भिस्त ठेवून (१८). आपल्या प्रार्थना बहुधा शेवटच्या टप्प्यापासून सुरू होतात, म्हणून त्या पोकळ वाटतात.

सुरुवातीला लोकांना शब्द सापडत नाहीत. चालवणाऱ्याने एखादे वाक्य देऊन वाट मोकळी करावी, उदाहरणार्थ: ‘प्रभू, आमच्या मंडळीत ज्याच्याकडे गाडी आहे त्याला पुढची खुर्ची मिळते आणि ज्याच्या चपला फाटलेल्या आहेत तो मागे उभा राहतो. हे आम्ही केले. आमच्यावर दया कर.’ एवढेच, आणि थांबायचे. दोन मिनिटे शांतता. मग पुढचा. एका माणसाने एकच गोष्ट बोलायची, दोन मिनिटांच्या आत. यादीतला डावा रकाना संपेपर्यंत उजव्याला हात लावायचा नाही. पहिले तीन-चार आठवडे तो संपत नाही आणि त्यात काही बिघडत नाही.

इथे काही गोष्टी हमखास चुकतात. पहिली, दुसऱ्याच्या पापाची कबुली: ‘प्रभू, काही लोक कमिटीत पैसे खातात, त्यांना क्षमा कर.’ ही चहाडी आहे. चालवणाऱ्याने तिथेच मायेने थांबवावे: ‘भाऊ, आपल्यापुरते बोलू या.’ दुसरी, ढोबळपणा: ‘विचाराने, उच्चाराने, आचाराने चुकलो’ हे रविवारच्या उपासनेत ठीक आहे, पण या वीस मिनिटांत नेमकेपणा हवा. तिसरी, नको तेवढा उघडेपणा. ज्या पापात दुसरी व्यक्ती गुंतलेली आहे, ते गटात सांगायचे नाही. पाळकांकडे एकट्याने जायचे. गटात सांगून मन हलके होईल, पण त्या दुसऱ्या व्यक्तीचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

आणि एक गोष्ट प्रार्थनेने झाकता येत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आरोपी कुणीही असो, वडीलजन असो की पाळक. ‘घरातच मिटवू, प्रार्थना करू’ असे म्हणणारा त्या लेकराच्या विरोधात उभा राहतो. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, पोलिसांचा ११२. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पापांगिकाराच्या पाठोपाठ भरपाई येते. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने प्रार्थना करून विषय संपवला नाही. ज्याला फसवले त्याला चौपट परत देण्याचे बोलला. मोलकरणीचे कापलेले पैसे त्याच आठवड्यात परत द्यावेत. भावाच्या वाटणीत लबाडी केली असेल तर भावाकडे जावे. कबुली दिली आणि देणे तसेच ठेवले, तर काही आठवड्यांत त्या गटाच्या प्रार्थनेतला जीव जातो.

मध्यस्थी

उत्पत्ती १८ मध्ये अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करतो: पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. सहा वेळा. त्याला त्या शहराची दुष्टाई माहीत आहे, तरी तो शिक्षेची घाई करत नाही. योना संदेष्टा याच्या अगदी उलट. निनवे शहराला क्षमा मिळाली म्हणून तो रुसतो, आणि देव त्याला एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांची आणि वर गुराढोरांचीही आठवण करून देतो. गटाने हे दोन उतारे एकाच महिन्यात वाचावेत. आपली प्रार्थना कोणासारखी आहे, हे आपले आपल्याला कळते.

सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा १ तीमथ्य २:१-२ मध्ये आहे आणि ती ख्रिस्ती लोकांच्या बाजूने नसलेल्या रोमी सत्तेखाली लिहिली गेली. ‘राजा आपल्या मताचा असेल तर’ अशी अट तिथे नाही. यिर्मयाने बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना पत्र पाठवले ते त्याच शहराचे कल्याण शोधा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा म्हणून.

पंचवीस मिनिटांची विभागणी अशी करा. पाच मिनिटे देशासाठी व राज्यासाठी: पंतप्रधान, मुख्यमंत्री, न्यायाधीश, सैनिक. पाच मिनिटे आपल्या गावच्या पदांसाठी, कारण यांच्यासाठी सहसा कुणीच प्रार्थना करत नाही: तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, सरकारी शाळेतले शिक्षक, नगरसेवक. पाच मिनिटे ज्यांच्याकडून आपल्याला त्रास होतो त्यांच्यासाठी. मत्तय ५:४४ पाळायला आठवड्यात निदान एवढा वेळ हवा. उरलेली दहा मिनिटे वहीतल्या माणसांसाठी.

मागणी नेमकी असावी. ‘प्रभू, शेतकऱ्यांना आशीर्वाद दे’ यापेक्षा ‘अमुक वस्तीवरच्या कुटुंबाला खरिपाच्या पेरणीआधी बँकेचे कर्ज मिळू दे, सावकाराकडे जायची वेळ येऊ देऊ नको’ ही प्रार्थना करता येते, तिचे उत्तर ओळखता येते आणि तिच्यासाठी कुणाला तरी बँकेत बरोबर जाताही येते. पक्षाचे नाव, निवडणुकीचा निकाल, टीव्हीवरच्या बातमीवरची टीका हे सुरू झाले की चालवणाऱ्याने स्तोत्रातले एखादे वचन वाचून गाडी रुळावर आणावी. देवाला बातम्या सांगण्याच्या निमित्ताने एकमेकांना मते ऐकवणे, हा मध्यस्थीचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

उपास

महिन्यातून चार उपास पुरे, दर आठवड्याला एक, आणि तोही एका जेवणाचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, किडनीचे रुग्ण आणि लहान मुले यांनी उपाशी राहू नये. त्यांनी त्या दिवशी चहा, मटण-मासे किंवा मोबाइल सोडावा. पाणी सगळ्यांनी प्यावे. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्याने दुपारचे जेवण सोडण्यापेक्षा रात्रीचे सोडावे.

यशया ५८ मध्ये लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला, पण देवाने पाहिले नाही. उत्तर मिळते की उपासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता. देवाला हवा असलेला उपास म्हणजे जुवाची बंधने सोडणे, भुकेल्याबरोबर भाकरी वाटून घेणे, बेघराला घरात घेणे. म्हणून वाचलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी डब्यात पडले पाहिजेत. बारा जण, एका जेवणाचे साठ रुपये, महिन्यात चार उपास: २,८८० रुपये. उपास दुसऱ्या महिन्यापासून सुरू होत असल्याने तीन महिन्यांत ८,६४०. फार मोठी रक्कम नाही, पण ती पोटाला चिमटा घेऊन आलेली असते आणि कुणाच्याही परवानगीशिवाय लगेच वापरता येते. मिझोराममधल्या मंडळ्यांत दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची रीत शंभरहून अधिक वर्षे चालू आहे, आणि त्या मुठींवर त्यांचे सेवाकार्य चालते. ज्या घरात रोख पैसे नसतात त्यांनी मूठ काढावी.

डबा दोघांनी मिळून उघडायचा, आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, दोघांच्या सह्या.

केडगावचे उदाहरण

प्रार्थना मोठी की सेवा, या वादात आपल्या मंडळ्यांचा पुष्कळ वेळ जातो. पंडिता रमाबाईंनी तो वाद घातला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना व बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. तिथे विणकाम, शेती, छपाई, तेलाचा घाणा असे उद्योग शिकवले जात. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी संजीवनासाठी (आध्यात्मिक जागृतीसाठी) रोज प्रार्थना करायला कोण येईल असे विचारले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या कित्येक पटींनी वाढली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे संजीवनाला तोंड फुटले. प्रार्थना करणाऱ्या त्या मुलींपैकी पुष्कळ जणी दुष्काळातून वाचवलेल्या होत्या हे लक्षात घ्या. आधी त्यांना भाकरी मिळाली, मग नाव, शिक्षण आणि सुरक्षित छप्पर, आणि त्याच छपराखाली ही प्रार्थना वाढली.

चौथा रकाना: करुणेचे काम

नहेम्याचा पाचवा अध्याय प्रार्थनासभांत फारसा वाचला जात नाही. तटाचे काम चालू असतानाच लोकांचा आक्रोश होतो: धान्यासाठी शेते गहाण पडली, मुले गुलाम झाली, आणि व्याज घेणारे आपलेच भाऊबंद. नहेम्या संतापतो, विचार करतो, मोठ्या लोकांना जाहीर जाब विचारतो आणि शेते परत द्यायला लावतो. स्वतः बारा वर्षे अधिपतीचा भत्ता घेत नाही, आणि तरी त्याच्या पंक्तीला दीडशे माणसे जेवतात. तट बांधून झाल्यावर बघू असे तो म्हणाला नाही.

महाराष्ट्रात हा अध्याय जसाच्या तसा दिसतो तो ऊसतोडीत. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतात आणि गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोयता घेऊन जातात. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाचे पाय आजच बांधले जातात. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या मंडळीच्या दारातच या टोळ्यांच्या पालांची वस्ती उतरते. तिथे गटाला करता येण्यासारखे: पालावरच्या मुलांना जवळच्या शाळेत बसवण्यासाठी मुख्याध्यापकांशी बोलणे, गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाणे, संध्याकाळी एक-दीड तास मुलांचा अभ्यास घेणे, थंडीत चादरी देणे. मराठवाड्यातल्या मंडळीला दुसरी बाजू सापडते: गावात आजीआजोबांजवळ मागे राहिलेली मुले.

एक क्षेत्र निवडा. चार महिन्यांत एकच. ऊसतोड, किंवा एकटे म्हातारे, किंवा दवाखान्यातले नातेवाईक, किंवा शेतकरी आत्महत्येने मोडलेले घर. तीन-चार एकदम धरणारा गट दोन महिन्यांत दमतो, आणि ज्यांच्या घरी जाणे बंद होते ते पुन्हा एकदा टाकले गेल्यासारखे होतात.

*शिधा देताना.* आधी रेशनकार्ड विचारा. प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला पस्तीस किलो धान्य महिन्याला फुकट मिळते. ते मिळत असेल तर वर आणखी तांदूळ नेऊन उपयोग नाही. त्या घरात डाळ आणि तेल नसते. चौघांच्या घराला महिन्याला दोन किलो तूरडाळ, दोन लिटर तेल, दीड किलो साखर, पाव किलो चहा, एक किलो मीठ, पाव किलो तिखट, शंभर ग्रॅम हळद, अंगाचे आणि कपड्याचे साबण द्या. कार्डच नसेल तर पाच किलो तांदूळ आणि दहा किलो पीठ जोडा. सोलापूर, मराठवाड्याकडे पिठाऐवजी ज्वारी. आणि कार्ड काढून द्यायला तहसील कार्यालयात बरोबर जा. ते एक काम वर्षभराच्या शिध्यापेक्षा मोलाचे आहे. विधवा, निराधार, अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तिथेच होतो.

पिशवीवर मंडळीचे नाव छापू नका. देताना फोटो नाही. संध्याकाळी अंधार पडताना जा, म्हणजे गल्लीला तमाशा होत नाही. देणाऱ्याच्या उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असे प्रभूने सांगितले आहे, आणि इथे तर घेणाऱ्याच्या अब्रूचाही प्रश्न आहे.

*दवाखान्यात.* सरकारी दवाखान्यात रुग्णाला निदान जेवण मिळते. त्याच्याबरोबर आलेला नातेवाईक व्हरांड्यात उपाशी असतो. भाकरी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली, चटई, मोबाइलचा चार्जर आणि रिक्षाला शंभर-दोनशे रुपये या त्याच्या गरजा आहेत. खाटेजवळ जाताना सिस्टरची परवानगी घ्या, हात धुवा, खाटेवर बसू नका, शेजारी स्टूल घ्या. उभ्या उभ्या बोललेले रुग्णाला निरोपासारखे वाटते. दहा मिनिटांच्या वर थांबू नका. ‘प्रार्थना केली तर चालेल का?’ असे विचारा आणि ‘नको’ म्हटले तर तितक्याच प्रेमाने बसून राहा. ‘हो’ म्हटले तर दोन मिनिटांची प्रार्थना, हळू आवाजात. ‘विश्वास ठेवला तर बरे व्हाल, औषध सोडा’ हे वाक्य कुणाच्या तोंडून निघाले तर त्या माणसाला पुन्हा वॉर्डात पाठवू नका.

*आत्महत्या झालेल्या घरी.* पापाचा, नरकाचा विषय काढू नये. पहिल्या दहा दिवसांत जेवण आणि माणसांची ये-जा असते. खरे एकटेपण दुसऱ्या महिन्यात सुरू होते, तेव्हा जा. बाईच्या नावावर जमीन यायची असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो, आणि दीर-सासऱ्यांच्या धाकाने ती एकटी जात नाही. गटातल्या दोन बायांनी तिच्याबरोबर जावे. घरात कुणी मरणाची भाषा करत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून द्या. फोन लागेपर्यंत जवळून हलू नका.

नेहमी दोघांनी जावे. अनेक कॅथलिक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद असेच जोडीने घरभेटी देतात, आणि हा नियम १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेच्या कामाचा कणा आहे. जोडीने गेल्याने संशयाला जागा राहत नाही आणि एकाचे चुकले तर दुसरा सावरतो.

मदतीच्या बदल्यात काहीही मागायचे नाही: उपासनेला येणे नाही, पत्रिका घेणे नाही, बाप्तिस्मा तर नाहीच. कुणी विचारले की तुम्ही हे का करता, तर येशूचे नाव मोकळेपणाने सांगावे. पण शिध्याच्या पिशवीला अट बांधली की ती करुणा उरत नाही, आणि गरिबाला आपला विश्वास पोटासाठी बदलायला लावणे हा त्याचा अपमान आहे. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमीला गाढवावर घातले, उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले, वर खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. त्या माणसाला त्याने काही विचारल्याचे प्रभू सांगत नाही.

गट कुठे अडखळतो

साधारण सहाव्या आठवड्याला उपस्थिती घसरते. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि देशात काहीच बदललेले दिसत नाही. अशा वेळी वहीतली जुनी पाने मोठ्याने वाचा. दोन-तीन मागण्यांची उत्तरे तिथे सापडतात, आणि न मिळालेल्या उत्तरांसाठी विलापगीतांतले शब्द उसने घ्या. रडगाणे देवापुढे नेणे हा अविश्वास नव्हे. अख्खे पुस्तक त्यासाठीच आहे.

कुणीतरी तारीख सांगू लागतो: अमुक महिन्यात संजीवन येणार, देवाने दाखवले. तारखेवर गट चालवू नका. तारीख टळली की अर्धी माणसे विश्वासाने खचतात.

एखादे घर पूर्ण आपल्यावर अवलंबून राहू लागते. शिधा तीन महिन्यांचा असे पहिल्याच भेटीत सांगा आणि त्या तीन महिन्यांत कार्ड, पेन्शन, बचत गट किंवा काम यातले निदान एक मार्गी लावा. म्हातारी एकटी बाई याला अपवाद. तिला शेवटपर्यंत द्या. आणि सेवा करणारी तीच ती दोन माणसे थकतात, बहुधा बायकाच. महिन्यातून एक आठवडा कुणाकडेही जायचे नाही, फक्त प्रार्थना, असा ठेवा.

चार महिन्यांची आखणी

पहिला महिना फक्त दोन रकाने, शांतता आणि पापांगिकार. बाहेर काहीही जाहीर करू नका. याच महिन्यात परतफेडी करून टाका. दुसऱ्या महिन्यात उपास आणि डबा सुरू होतो, आणि नहेम्याने रात्री मोजक्या माणसांबरोबर तटाची पाहणी केली तशी निवडलेल्या क्षेत्राची गाजावाजा न करता पाहणी: कोण कुठे राहते, काय मिळते, काय मिळत नाही, आधीपासून कोण काम करते. गावात एखादी संस्था किंवा मंदिराचे अन्नछत्र तेच काम चांगले करत असेल तर त्यांना जाऊन हातभार लावा. तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष काम, जास्तीत जास्त पाच घरे. चौथ्या महिन्यात तेच चालू ठेवून मंडळीपुढे एका रविवारी दहा मिनिटांचे निवेदन द्या. त्यात नावे नाहीत, फोटो नाहीत. डब्याचा हिशेब, राहिलेली कामे आणि नव्या दोघांची गरज, एवढेच. पाळकांनी त्या दिवशी नहेम्या ५ वाचावा.

त्यानंतर गटातल्या निम्म्या लोकांनी नवीन आठ जण घेऊन दुसऱ्या वाडीत किंवा पेठेत बसायला लागावे. वही पहिल्या गटाकडेच राहते, नव्या गटाने नवी घ्यावी. पाच घरांपैकी ज्यांचे काम अपुरे आहे ती घरे कुणाकडे, हे त्याच बैठकीत ठरवून नावासमोर लिहा.